क्रमांक एकेचाळीस

वाशी, सेक्टर सतरा. बँकेच्या तळघरात
लोखंडे मॅडमनी बँकेची किल्ली फिरवली,
मी तुमची.
रजिस्टरात तुमच्या शेवटच्या सहीखाली
माझी पहिली.

वाटलं होतं, जड असेल.
एवढ्या वर्षांचा बोनस तुम्ही ज्यात ओतलात
ते सगळं आत असणार.
डबा ओढला तर कोथिंबिरीच्या जुडीइतका हलका.
एक वही. शंभर पानी.
नाणं एकही नाही.

मॅडम जरा खोकल्या, आणि जिना चढून गेल्या.

कोपरखैरण्यात चांदी काळी पडते
म्हणून तर इथे आणली होती ना?
रात्री दोनला एमआयडीसीचा वास सुटला
की तुम्ही खिडक्या लावायला उठायचात.
माझ्या दम्यासाठी उठतात, असं मी शेजारी सांगत असे.
प्लास्टिकच्या पाकिटात तांब्याला हिरवा घाम फुटतो,
सागवानी कपाट नको, त्याचा वास बाधतो,
डांबरगोळ्यांचं तर नावच काढू नका.
माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीतली
'खाऊ नये' लिहिलेली पुडी
पहिली गोळी घ्यायच्या आधीच तुमच्या खिशात.
आणि नाणं असं पोटावर अंगठा ठेवून धरायचं नाही,
कडेवर घ्यायचं, म्हणायचात.
आपल्या घरात
हा शब्द किती सहज वापरलात तुम्ही.

पहिल्या पानावर, दोनदा अधोरेखित:
यादी आणि ऐवज एका छपराखाली ठेवू नये.
पुढे क्रमांक, धातू, वजन,
आणि शेवटचा रकाना, जागा.
तिथे सगळीकडे मीच.

'ती रोज हात घालते, तळ पाहत नाही.'
'ती पुसते, पण हलवत नाही.'
'ती देणार म्हणते, देत नाही.'

घरी येऊन, साडी न बदलता,
तांदळाचा डबा परातीत पालथा केला.
अकरा शिवराया, प्रत्येक आपापल्या पाकिटात.
डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, ही आईची शिकवण,
संपायच्या आत मी वरून नवे ओतत आले
आणि चौदा महिने त्यांच्या डोक्यावरून
वाटी भरून घेत राहिले.
सिडकोतून निवृत्त होताना लिलावात घेतलेला
माझा मराठी टंकलेखक, त्याच्या पोटात
सात राणीछाप, लख्ख.
बोहारणीला द्यायच्या स्वेटरच्या बाहीत
चवल्या, पावल्या, एक भोकाचा पैसा.

चोर आला असता तरी त्याला काय कळणार
मी काय काय करत नाही ते?
मला तरी कुठे कळलं होतं.

दिवेलागणीपर्यंत चाळीस झाली.
ऐरोलीहून निनादचा फोन:
मामी, एकटी असतेस, घरात नको ठेवूस.
मग थोडं थांबून, साधारण किती येतील?
म्हटलं, मोजतेय अजून.

एकेचाळीस. चांदी. अकरा पूर्णांक चार ग्रॅम, झिजलेलं.
जागा: 'हिला ठाऊक आहे.'

चाळीस ठिकाणी 'ती'. इथे 'हिला'.
लिहिताना मी शेजारी बसले होते का?
भाजी निवडत? झोपलेली?

नाही हो. मला नाही ठाऊक.
देव्हारा पाहिला, शिवणाचा डबा,
तुमच्या चष्म्याची घरं, तिन्ही,
लग्नातल्या शालूची घडी, जी मोडायला
तुमचा जीव कधी झाला नसता.
कुठे जाऊन आलो होतो आपण? काय ठरलं होतं?

चाळीस परत जिथल्या तिथे ठेवली,
तांदूळ वरून ओतले.
लॉकरचं पुढच्या वर्षाचं भाडं भरलं.
लोखंडे मॅडम म्हणाल्या, एका वहीसाठी एवढं?
मी सही केली.

काल रात्री वास सुटला. दोन वाजले असतील.
उठले, आणि एकेक खिडकी लावत गेले,
स्वयंपाकघराची, मोरीची,
जिन्यावरची ती झडपसुद्धा.
दम्याचं औषध उशाशीच होतं.
पण एक चांदीचं कुठेतरी आहे घरात,
आणि ते झाकलेलं आहे की उघडं
मला सांगता येत नाही.